कप्तानाच्या कमरेचा पट्टा

फेरीबोटीवर सुकाणूच्या केबिनपासून चांगली दहा पावलं मागे एक लाकडी पेटी ठोकलेली होती. केबिनकडे जायचं असेल तर खिशातलं सगळं लोखंड आधी त्या पेटीत टाकायचं, असा कप्तानाचा नियम होता. किल्ल्या, चाकू, मोबाइल, चष्म्याची पत्र्याची डबी, सगळं. होकायंत्राजवळ लोखंड नेणं आणि पाण्यात डोळे मिटून चालणं त्याच्या लेखी सारखंच होतं. एकदा खुद्द बोटीचे मालक केबिन बघायला निघाले, तर कप्तानाने त्यांचा पट्टाही काढून घेतला, कारण बक्कल पोलादी होतं. मालक एका हाताने पँट धरून केबिन बघून आले. त्या दिवसापासून मिस्त्री, म्हणजे बोटीचं इंजिन सांभाळणारा माणूस, मालकांना पाहिलं की उगीचच खोकत असे.

कप्तानाची बायको शिवणकाम करायची. बोटीच्या बाकांच्या गाद्या, ताडपत्र्या, लाइफ जॅकेटचे पट्टे असलं जाड काम तिच्याकडे येई. सगळे तिला कप्तानीण म्हणत, आणि तिलाही ते आवडे. धक्क्याच्या वरच त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. मशीन खिडकीपाशी होतं, त्यामुळे शिवता शिवता बोट कुठवर आली ते तिला दिसे. बत्तीस वर्षं ती हे बघत होती आणि तिला त्याचा कधी कंटाळा आला नव्हता.

पण गेले तीन आठवडे खिडकीतून बघताना तिचं मशीन मध्येच थांबायचं.

नदीच्या या काठावरून समोरच्या धक्क्यावर जायचं म्हणजे सरळ पूर्वेला, होकायंत्रावर नव्वद अंशांवर. उघडं आकाश असलं की कप्तान होकायंत्राकडे बघतही नसे, समोरचा धक्का दिसतच असे. पण थंडीत सकाळी धुकं पडलं की मात्र सगळा भरवसा त्या एका काट्यावर. बत्तीस वर्षांत धुक्यात त्याची बोट धक्का सोडून कुठे लागली नव्हती. आणि आता तीन आठवड्यांत चार वेळा चुकली. दोनदा ती वीटभट्टीच्या घाटाला जाऊन लागली, एकदा गाळात रुतली, आणि परतीच्या एका फेरीत तर धोब्यांच्या दगडांना घासली. प्रत्येक वेळी दक्षिणेलाच.

"काटा चुकतोय," कप्तान म्हणाला.

मिस्त्रीने जाऊन पाहिलं. बोट धक्क्याला बांधलेली होती, नाक बरोबर पूर्वेला. केबिन कपाटाएवढी, एका वेळी एकच माणूस मावायचा. मिस्त्री आत गेला आणि ओरडला, "नव्वद!" तो बाहेर आला, कप्तान आत गेला. काटा तरंगत तरंगत त्र्याऐंशीवर थांबला. कप्तानाने हाक मारली, बाहेर आला, मिस्त्री पुन्हा आत गेला. नव्वद. असं पाच वेळा झालं. पाचव्या वेळी मिस्त्री नव्वद म्हणाला ते पायांकडे बघत. कप्तानाला जे दिसत होतं ते दुसऱ्या कुणालाच दिसत नव्हतं, आणि याचा अर्थ काय होतो हे सांगायला कुणी पुढे आलं नाही.

मालकांनी सांगितलं, पण अगदी गोड शब्दांत. "वय झालं की डोळे दगा देतात हो, त्यात लाजण्यासारखं काय? एक तारखेपासून नवा माणूस घेऊ. तुम्ही तिकीटखिडकीत बसा, सावलीत." कप्तानाने फक्त एवढंच मागितलं, की त्याआधी होकायंत्र जाणकाराकडून तपासून घ्या. मालक कबूल झाले.

तो घरी आला, कमरेचा लोकरीचा पट्टा काढून खुंटीला अडकवला आणि जेवायला बसला. पट्ट्याची गोष्ट इथेच सांगून टाकायला हवी, कारण ती फक्त कप्तानिणीलाच माहीत होती.

थंडी सुरू झाली तशी कप्तानाची कंबर धरली होती. कप्तानिणीच्या मोठ्या बहिणीने आठ चुंबकं आणून दिली. नाण्याएवढ्या चकचकीत चकत्या होत्या, कमरेला बांधायच्या. कप्तानाने त्यांचं खोकं उघडूनही पाहिलं नाही. "चुंबक लोखंड ओढतं. माझ्या कमरेत काय खिळे ठोकलेत? सांग तुझ्या ताईला, स्वतःच्या डोक्याला बांध म्हणावं." ताईच्या डोक्याबद्दल कप्तानिणीचंही मत फार वेगळं नव्हतं, पण नवरा रोज सकाळी भिंतीला धरून उठतो हे तिला बघवेना. तिने त्याचा लोकरीचा पट्टा उसवला, चकत्या आत ओळीने बसवल्या, वरून नवं अस्तर घातलं आणि त्याला सांगितलं, जुनं फाटलं होतं. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं तसं सगळ्या चकत्यांचं एकच तोंड अंगाकडे ठेवलं. शिवताना सुई सारखी चकत्यांना जाऊन चिकटायची, तिने अगदी दात-ओठ खाऊन ते काम पुरं केलं.

आठवडाभरात कंबर सुटली. कप्तान म्हणाला, झोपायची नवी गादी लाभली. कप्तानीण मनातल्या मनात हसली आणि गप्प बसली. आता तर ती ते विसरूनही गेली होती. केबिनमध्ये तिने बत्तीस वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं, आणि तो नियम तर लोखंडाचा होता. चुंबकाचं नाव त्यात कधी निघालं नव्हतं.

होकायंत्र तपासायला आलेल्या बाई साठीच्या पुढच्या होत्या. बुटक्या, खणखणीत आवाजाच्या. हत्यारं सगळी पितळी, आणि केसांना लाकडाची पिन. कप्तानाने पेटीकडे बोट दाखवायच्या आतच त्यांनी खिसे उलटे करून दाखवले. कप्तानाला त्या तिथेच आवडल्या. कप्तानीण चहाची किटली घेऊन धक्क्यावर उभी होती. किटली ॲल्युमिनियमची होती, तरी बाईंनी तिला केबिनपासून लांब ठेवायला लावलं, आणि मग स्वतःच हसून म्हणाल्या, "ॲल्युमिनियमला चुंबक विचारत नाही, वहिनी. पण सवय. एकदा ढील दिली की माणूस सोकावतो."

तासभर त्या केबिनमध्ये वाकून होत्या. मग आतून ओरडल्या, "हा दिवा कधी बसवलात?"

"महिना झाला," मिस्त्री म्हणाला. "धुक्यात काटा दिसावा म्हणून."

"लावा. आता बंद करा. लावा." दिवा लागला की काटा तीन अंश सरकायचा, विझला की जागेवर यायचा. मिस्त्री तोंड वासून बघत राहिला. दिव्यात तर लोखंड नव्हतंच.

"लोखंड कशाला हवं?" बाई म्हणाल्या. "तारेतून वीज वाहिली की तार तेवढ्यापुरती चुंबक होते. वीज थांबली की पुन्हा साधी तार. तुम्ही एक तार होकायंत्राच्या या अंगाने नेलीत आणि दुसरी त्या अंगाने, म्हणजे बिचाऱ्याला दोन्हीकडून चिमटे." त्यांनी दोन्ही तारा सोडवल्या आणि वेणी घालावी तशा एकमेकींना पीळ देऊन लांबून नेल्या. "आता जाणारी वीज जे करेल ते येणारी खोडून काढेल. लावा दिवा."

दिवा लागला. काटा जागचा हलला नाही. मिस्त्रीने टाळीच वाजवली. कप्तानिणीचा जीव भांड्यात पडला.

कप्तान मात्र बाहेर उभा राहून हिशेब मांडत होता. बाईही मांडत होत्या. वीटभट्टीचा घाट धक्क्यापासून किती लांब ते त्यांनी नकाशावर पाहिलं आणि मान हलवली. "चूक दहा अंशांची आहे. मला सापडले तीन. उरलेले सात कुठून येतात ते उद्या चालत्या बोटीवर बघू. मालक येणार आहेत ना?"

"येणार आहेत," कप्तान म्हणाला. मग हळूच, जणू स्वतःशीच, तो म्हणाला, "तीन दिव्याचे. उरलेले सात माझे."

ते कप्तानिणीने ऐकलं. हा माणूस पुरात ओरडला होता, मालकांवर ओरडला होता, पण असा आवाज तिने त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तिला रडूच आलं. तिने घाईघाईने सगळ्यांचे कप गोळा केले.

दुपारी बाई जेवायला घरी आल्या. कप्तानाने पट्टा खुंटीला लावला, हात धुतले, आणि पाहुणीला वाढण्यात कसर ठेवली नाही. पण स्वतः चिवडत बसला. वातावरण हलकं करायला कप्तानिणीने विचारलं, "बाई, पण तुमचा तो काटा उत्तरेलाच का बघतो? त्याला सांगतं कोण?"

बाईंना असा प्रश्न म्हणजे मेजवानी. "पृथ्वी सांगते. ती स्वतःच एक भलंमोठं चुंबक आहे, पण हाक अगदी बारीक मारते. म्हणून काटा हलका हवा, आणि जवळपास दुसरं कुणी ओरडणारं नको. दाखवते. काचेचा वाडगा द्या पाण्याने भरून. कागदाचा कपटा. आणि तुमची एक सुई. घरात एखादं चुंबक आहे?"

"नाही," कप्तानीण पटकन म्हणाली. एवढ्या पटकन, की तिचं तिलाच नवल वाटलं. चुंबकाचं नाव निघालं आणि तिच्या डोक्यात कुठेतरी काहीतरी खट्‌कन लागलं होतं. काय ते अजून नीट कळलं नव्हतं.

"नसेना का. माझ्या पिशवीत आहे. आधी नुसतीच सुई ठेवू. नुसती सुई कशी, वाट्टेल तिकडे तोंड करते. मग तिला चुंबकावर घासली, की ती नेहमी एकाच दिशेला बघते." बाईंनी कपटा पाण्यावर सोडला, त्यावर सुई ठेवली.

सुई वाट्टेल तिकडे तोंड करून राहिली नाही. ती हळूहळू वळली, जरा पुढे गेली, मागे आली आणि थांबली. एक टोक मेजापलीकडच्या छोट्या खिडकीकडे, उत्तरेला. बाईंनी बोटाने ती उलटी फिरवली. सुई पुन्हा वळून खिडकीकडे बघू लागली.

"अरेच्चा," बाई म्हणाल्या. "ही तर आधीच चुंबक झालीये. दुसरी द्या बघू." दुसरी सुई डबीतून काढायला गेल्या तर तिच्यामागे आणखी दोन लोंबकळत आल्या. "वहिनी, तुमच्या सुयांना झालंय काय? या कशाला घासल्यात?"

कप्तानिणीच्या तोंडचं पाणी पळालं. डोक्यात जे लागलं होतं ते आता लख्ख समोर आलं. सुया त्या दिवशी चकत्यांना चिकटत होत्या. चकत्या पट्ट्यात. पट्टा कमरेवर. कंबर केबिनमध्ये, होकायंत्रापासून हातभर. कप्तान आत गेला की काटा सरकतो, बाहेर आला की जागेवर येतो.

एक क्षण, खोटं कशाला बोला, तिला वाटलं, गप्प बसावं. आज गुपचूप चकत्या काढून टाकाव्यात. उद्या बोट बरोबर लागेल, सगळे म्हणतील दिव्याचाच दोष होता, आणि कुणाला काही कळणार नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो सुईकडे बघत होता, आणि आता सुईसुद्धा आपल्याला दगा देते आहे अशा नजरेने बघत होता. बोट बरोबर लागली तरी ते सात अंश हा माणूस जन्मभर स्वतःच्या नावावर ठेवील, हे तिला दिसलं. नियम मोडला म्हणून तो तिच्यावर रागावला तर रागावो.

ती उठली. खुंटीवरचा पट्टा काढला. तो दोन्ही हातांत आडवा धरून ती मेजाकडे चालत आली.

ती चार पावलांवर असताना सुईला काही कळलं नाही. तीन पावलांवर ती जराशी थरथरली. दोन पावलांवर तिने खिडकीकडचं तोंड सोडलं. कप्तानीण मेजाशी येऊन उभी राहिली तेव्हा सुई खिडकी, उत्तर, पृथ्वी सगळं विसरून थेट पट्ट्याकडे बघत होती.



"आठ आहेत," कप्तानीण म्हणाली. "ताईने दिलेली. अस्तरात शिवली. तुम्ही ऐकत नव्हता म्हणून. मला नव्हतं हो माहीत, देवाशप्पथ. चुकलं माझं."

कप्तान उठला. तिच्या हातातून पट्टा घेतला आणि मागे मागे भिंतीपर्यंत गेला. सुई खिडकीकडे वळली. तो पुढे आला, सुई त्याच्याकडे वळली. पुन्हा मागे. पुन्हा पुढे. असं त्याने किती वेळा केलं कोण जाणे. बाईंनी चमचा खाली ठेवला आणि त्याला करू दिलं.

"म्हणजे," तो शेवटी म्हणाला, "मला त्र्याऐंशी दिसत होते, कारण ते त्र्याऐंशीच होते."

"बरोबर त्र्याऐंशी," बाई म्हणाल्या. "तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत, कप्तान."

तो खुर्चीत बसला आणि पट्ट्यात तोंड घालून रडला. मोठा, दांडगा माणूस, हुंदके देऊन रडला. "मला वाटलं मी संपलो," तो म्हणाला. "वाटलं, डोळे नाही, डोकंच चाललंय माझं. तुला सांगायची हिंमत नव्हती." कप्तानीण त्याच्या पाठीवर हात फिरवत उभी राहिली. तिला वाईट वाटत होतं आणि आनंदही होत होता, आणि दोन्ही एकदम कसं सांभाळायचं ते कळत नव्हतं.

मग त्याने डोळे पुसले आणि त्याला रागवायचं राहिल्याचं आठवलं. "अगं, आठ चुंबकं! मी मालकांचं बक्कल काढून घेतलं! तीन आठवडे लोकांचे खिसे रिकामे करतोय, आणि आठ चुंबकं माझ्या स्वतःच्या पाठीला!" पण रागावता रागावता त्याचं त्यालाच हसू फुटलं, आणि मग तिघंही इतकी हसली की वाडग्यातलं पाणी हिंदकळून सुई बुडाली.

"सगळ्यांचं तोंड एकाच बाजूला शिवलंत ना?" बाईंनी पट्टा चाचपून विचारलं. "तेच नडलं. आठही एका सुरात ओरडली. स्वेटर विणतात तसं एक उलट, एक सुलट लावलं असतंत, तर त्यांनी एकमेकांना गप्प केलं असतं, त्या दोन तारांसारखं. हातभर अंतरावर काट्याला फारसा पत्ताही लागला नसता."

"पण कंबर बरी झाली हो त्यांनी," कप्तानीण म्हणाली.

"चुंबकाने कंबर बरी होते असं मी तरी कुठे पाहिलं नाही. लोकरीची ऊब असेल."

"गादी," कप्तान म्हणाला.

कप्तानीण कात्री आणायला उठली, चकत्या काढून टाकायला. कप्तानाने पट्टा मांडीखाली घातला. "राहू दे," तो म्हणाला. कारण विचारलं तर सांगेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी असं धुकं पडलं होतं की धक्क्यावरून बोटीचं नाक दिसत नव्हतं. मालक आले, बाई आल्या, आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच कप्तानीणही बोटीवर चढली. ती पेटीजवळच्या बाकावर, स्वतः शिवलेल्या गादीवर बसली. मालकांनी मुकाट्याने पट्टा काढून पेटीत टाकला, मग किल्ल्या. मिस्त्रीने पाना टाकला. बाईंनी खिसे उलटे करून दाखवले. मागून कप्तान आला, सगळ्यांसमोर सदरा वर केला, लोकरीचा पट्टा सोडला, घडी घालून पेटीत सगळ्यांच्या वर ठेवला आणि झाकण लावलं. मालक बघत राहिले. कप्तान केबिनमध्ये गेला.

"किती?" बाईंनी दारातून विचारलं.

"नव्वद."

बोट सुटली. दोन्ही काठ नाहीसे झाले. इंजिनाची घरघर सोडली तर जगात काही उरलं नाही. कप्तानीण मनात आकडे मोजत होती आणि मध्येच चुकत होती. केबिनमध्ये दिवा लागलेला होता आणि त्या उजेडात नवऱ्याची पाठ दिसत होती, सरळ, पट्ट्याशिवाय. दहा मिनिटं गेली. मालक बाकाच्या कडेवर आले. मग धुक्यात काहीतरी काळं झालं, त्याचे खांब झाले, खांबांना टायर लटकलेले दिसले, आणि धक्का बोटीच्या अगदी नाकासमोर येऊन उभा राहिला. ना हातभर उत्तरेला, ना हातभर दक्षिणेला.

कप्तानिणीने डोळे मिटून मोठा श्वास घेतला. केबिनकडे बघत मालक उठले आणि मिस्त्रीला म्हणाले, "तिकीटखिडकीसाठी दुसरं कुणीतरी बघायला हवं."

मग ते आपला पट्टा घ्यायला पेटीकडे आले. झाकण उघडून बक्कल ओढलं तर सगळंच वर आलं: लोकरीचा पट्टा, त्याला मालकांचं बक्कल, किल्ल्यांचा जुडगा, मिस्त्रीचा पाना, एकमेकांना घट्ट धरून. मिस्त्री खोकला. मालक एका हाताने पँट सावरत दुसऱ्या हाताने ओढू लागले.

कप्तान केबिनमधून बाहेर आला होता. "सावकाश, मालक," तो म्हणाला, "टाके उसवतील. बायकोने हाताने घातलेत."